वास घेतलेली फुलं

मोठ्याईच्या राज्यात फुलाला देठ नसायचा. फूल तोडायचं ते अगदी मानेपाशी, टोपलीत टाकायचं, पाण्यातून काढायचं आणि देवापुढे ठेवायचं. देठ, पानं, काटे सगळं झाडाचं झाडापाशी. घरात फूल येतं ते देवासाठी, त्याला दुसरं काही काम असू शकतं असं आमच्या गल्लीत कोणाच्या मनातही आलं नसतं. त्यातला सगळ्यात कडक कायदा होता तो नाकाचा. फुलाचा वास घ्यायचा नाही. घेतला की ते उष्टं झालं, देवाला चालत नाही. मी लहानपणी एकदा विचारलं होतं, की मोगऱ्याचा वास तर घरभर पसरलेला असतो, मग आपण सगळेच रोज उष्टं करतो का? मोठ्याई म्हणाली, "येते तेवढा येऊ द्यावा. आपून होऊन घेऊ नाई." आणि टोपली माझ्या हातातून काढून घेतली.

मोठ्याई म्हणजे माझ्या बाबांच्या मोठ्या भावाची बायको. मोठेबाबा फार लवकर गेले, मला ते आठवतही नाहीत. तेव्हापासून घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला होत्या आणि घरातला शेवटचा शब्दही तिचाच. भंडाऱ्याच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान होतं, दुकानामागे घर, आणि घरासमोर गल्लीच्या पलीकडे पितळ ठोकणाऱ्यांचे कारखाने. सकाळी चहाच्या आधी ठण् ठण् सुरू व्हायचं ते दिवे लागेपर्यंत. त्यामुळे आमच्या घरात सगळेच ओरडून बोलत. प्रेमानं बोललेलंही भांडणासारखं ऐकू येई. आजही मी फोनवर बोलायला लागले की माझी भाची फोन कानापासून हातभर लांब धरते आणि म्हणते, आत्या, तू फोनशिवाय बोललीस तरी मला नागपुरात ऐकू येईल.

मी मॅट्रिक झाले त्या उन्हाळ्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. पहिली म्हणजे मोठ्याईनं लाखोली बोलली. बाळकृष्णाला लाख फुलं वाहायची, चैत्रात सुरुवात आणि त्या वर्षी जेठात आलेला अधिक महिना संपायच्या दिवशी समाप्ती. कशासाठी, तर बेबीचं, म्हणजे माझं, लग्न याच वर्षी चांगल्या घरी जमावं म्हणून. तुमसरकडचं एक स्थळ तिनं हेरूनही ठेवलं होतं. त्यांची नाकाडोंगरीजवळ शेती, तुमसरला धानाचं दुकान, मुलगा म्हणे निर्व्यसनी, आणि त्याच्याबद्दल यापलीकडे कोणाला काहीच सांगता येत नव्हतं. अधिकात शुभकार्य काढत नाहीत, म्हणून पाहुणे महिना संपल्यावर येणार होते. म्हणजे देवानंच मला महिनाभराची सुट्टी दिली होती.

दुसरी गोष्ट म्हणजे आमच्या ड्रॉइंग सरांना एक जाडजूड जुनं पुस्तक मिळालं. जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरमधले कोणी साहेब बदली होऊन जाताना सामान कमी करत होते, त्यांनी ते सरांना देऊन टाकलं. पुस्तक फ्रेंचमध्ये होतं, त्यामुळे वाचायची कटकट नव्हती. आत नुसती फुलं. दीडशे वर्षांपूर्वीच्या फ्रेंच चित्रकारांनी काढलेली, काचेच्या पेल्यात, चिनीमातीच्या भांड्यात, वेताच्या टोपलीत. मागे काळोखी भिंत, आणि त्या काळोखातून गुलाब असे पुढे आलेले की वाटे, पानाला हात लावला तर बोट ओलं होईल. एका चित्रात टेबलावर एकच पाकळी गळून पडली होती. मी त्या एका पाकळीपायी पुस्तक घरी मागून आणलं आणि जेवणाच्या पाटावर उघडून ठेवलं.

बाबांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं आणि भांडं पितळेचं नाही म्हणून त्यांचा रस संपला. आई म्हणाली, पेल्यातलं पाणी किती स्वच्छ काढलं आहे. मोठ्याईनं मात्र एक एक पान उलटून सगळं पुस्तक पाहिलं. तिला काहीतरी सापडत नव्हतं. शेवटी तिनं विचारलं, "देव कुठी हाये?" मी म्हटलं, देव नाही, नुसती फुलंच आहेत. "मंग वाह्यली कोनाले?" मी शहाणपणा करून सांगितलं, की सर म्हणाले, फ्रेंच लोक असल्या चित्राला नात्यूर मोर्त म्हणतात, म्हणजे मेलेला निसर्ग. झालं. मेलेल्याचं पुस्तक जेवायच्या जागेवर नको म्हणून ते उचलून भांड्यांच्या कोठीत गेलं, आणि पाटावर गोमूत्र शिंपडलं गेलं. त्या दिवशी गोळाभात होता, मला आवडायचा म्हणून आईनं वरून लसणाची फोडणी जास्त घातली होती. मी तो रुसून कमी खाल्ला आणि मग दुपारी उरलेला चोरून संपवला.

ड्रॉइंग सर नाकात बोलणारे, बारीक, कायम खडूच्या धुळीनं पांढरे असे गृहस्थ होते. त्यांनी माझ्या डोक्यात नागपूरच्या चित्रकलेच्या कॉलेजचं खूळ भरलं होतं. तिथं मुलाखतीला स्वतः समोर बसून काढलेलं एक पूर्ण चित्र न्यावं लागे. सर म्हणाले, फुलांचं ने, कोणी नेत नाही. पण पुस्तकातलं उतरवशील तर तुझे कान धरीन, खरी फुलं समोर ठेवून काढ. बाबांना त्यांनी दुकानात जाऊन सांगितलं, की फ्रान्समध्ये रेशमाचं एक मोठं शहर आहे, तिथं पूर्वी फुलं काढायला शिकवणारा खास वर्ग होता, कारण तीच फुलं पुढे कापडावर विणली जात. बाबांनी तराजू खाली ठेवला. आमच्या जिल्ह्यात मोहाडीकडे कोसा रेशीम विणतात, ते त्यांना लगेच आठवलं. "मतलब, धंदा है इसमें," ते म्हणाले. त्यांची हरकत गेली. पण मोठ्याई हो म्हणाली तरच, हेही त्यांनी त्याच दमात सांगितलं. आमच्या घरात बाबांचा होकार हा अर्जावर मारलेल्या आवक शिक्क्यासारखा होता, सही दुसरीकडे व्हायची.

मुलाखत अधिक संपल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी होती, पाहुणे त्याच्या आसपासच येणार होते. म्हणजे हिशोब सरळ होता. चित्र झालं तर मी नागपूरला, नाही झालं तर तुमसरला.

मग मी कामाला लागले. दुकानातून एक बुटका पितळी गडवा आणला, बाबांच्या मोडक्या छत्रीचं काळं कापड कोठीतल्या भिंतीवर खिळ्यांनी ठोकलं आणि फ्रेंच काळोख तयार केला. आता फुलं. मोठ्याईच्या टोपलीतून जमिनीवर पडलेली, म्हणून देवाला न चालणारी चार-सहा फुलं मी मागून घेतली आणि मोठ्या थाटात गडव्यात ठेवली. एकही उभं राहिना. देठच नव्हता ना! जास्वंद तळाशी जाऊन बसली, कण्हेर वर तरंगत राहिली आणि गडवा देवघरातल्या तीर्थाच्या भांड्यासारखा दिसायला लागला. देठासकट फूल तोडू का, असं विचारायची सोय नव्हती. गल्लीतलं एकूण एक फूल लाखोलीला बोललेलं होतं. बायका आपापल्या अंगणातली फुलं मोठ्याईकडे पोचवायच्या, आणि ती गोळा करून आणायचं काम कोणाकडे, तर माझ्याकडे. माझ्याच लग्नासाठी मीच फुलं वाहून आणत होते. घोड्यानं आपल्याच टांग्याची भाडी गोळा करावी तसं.

युक्ती मला सुचली नाही, ती आपोआप पायाशी आली. शेजारच्या मालूकाकूंच्या दारचा चाफा घेऊन येत होते. ऊन भयंकर, मी टोपली डोक्यावरून खाली घेतली, छातीशी धरली आणि घाम पुसायला मान खाली घातली. मोठ्याई दारातच उभी होती. तिला वाटलं मी वास घेतला. तिनं वरची चार फुलं बाजूला काढली आणि माझ्या ओंजळीत टाकली. "घे. आता तुह्याच कामाची." मी रागावल्यासारखं तोंड केलं. आत मात्र माझ्या मनात दुकानातली सगळी भांडी एकदम वाजत होती. म्हणजे वास घेतलेलं फूल माझं! कायदा तिचाच, कलम तिचंच.

दुसऱ्या दिवसापासून मी नाक घेऊन बाहेर पडले. तोडलेल्या फुलाला देठ नसतो, म्हणून झाडावरच असताना वास घ्यायचा, मग ते फूल उष्टं, देवाच्या कामातून गेलं, तेव्हा देठासकट कापून न्यायला कोणाच्या बापाची भीती नाही. मी भल्या सकाळी निघायचे. मालूकाकूंची कण्हेर हुंगली. पोस्टातल्या बाबूंच्या कुंपणावरचा गावठी गुलाब हुंगला, काटा नाकात घुसला आणि दोन दिवस नाकावर फोड घेऊन हिंडले. शाळेमागची सदाफुली हुंगली, तिला तर वासही नाही, पण कायदा म्हणजे कायदा. एकदा जास्वंदीत नाक घातलं तर आत मुंगळा होता. मी इतक्या जोरानं शिंकले, की मालूकाकूंनी आतून विचारलं, कोणाची बकरी शिरली. फांद्या मी पदराखाली लपवून आणायचे आणि कोठीत पाणी शिंपडलेल्या खसाच्या ताटीजवळ, ओल्या फडक्यात ठेवायचे. आमच्या पूर्व विदर्भाचं ऊन असं, की सकाळी तोडलेलं फूल जेवणापर्यंत मान टाकतं. त्यामुळे एकावेळी एकच फूल काढायचं. ते सुकलं की दुसऱ्या दिवशी दुसरं फूल, दुसऱ्या जागी.

असं करत चित्र भरत गेलं. त्यातला गुलाब आणि कण्हेर प्रत्यक्षात कधी एकमेकांना भेटलेच नव्हते. सरांना दाखवलं तेव्हा मी घाबरत सांगितलं, की हा सगळा गुच्छ खोटा आहे. सर हसले. म्हणाले, जुन्या लोकांनीही हेच केलं, वेगवेगळ्या दिवसांची फुलं एका भांड्यात बसवली, फूल थांबत नाही म्हणून चित्रकारानं लबाडी करायची असते. मला इतका आनंद झाला, की घरी येताना मी कोणाच्याही झाडाला तोंड लावलं नाही. मागच्या वर्षी भाचीनं मोबाइलवर त्याच काळातली फ्रेंच चित्रं मोठी करून दाखवली आणि वाचून सांगितलं, की तिकडे बायकांना माणसांची उघडी शरीरं समोर ठेवून शिकायच्या वर्गात बसू देत नसत, म्हणून कित्येकजणी फुलंच काढत राहिल्या. मी म्हटलं, फुलं तरी मिळत होती ना बायांनो, देठासकट? इथं आम्हाला त्यासाठी बकरी व्हावं लागलं.

चित्राच्या मधोमध मात्र एक मोठी जागा रिकामी राहिली. फ्रेंच पुस्तकात तिथं कोबीच्या गड्ड्याएवढं, पाकळ्यांनी गच्च असं एक फूल असायचं. माझ्याकडे तेवढं मोठं काहीच नव्हतं. होतं ते फक्त कमळ, आणि कमळ समाप्तीलाच येणार होतं. बाबांच्या ओळखीचे एक शेतकरी गावच्या तलावातून ते आणून द्यायचे, लाखोलीतलं शेवटचं फूल म्हणून. त्याच्या आसपासही माझं नाक पोचणं शक्य नव्हतं.

आणि त्यात माझं बिंग फुटलं. मोठ्याईनं शंभर फुलं वाहिली की एक चिंचोका पितळेच्या डब्यात टाकायची. महिना संपत आला तरी डबा हवा तसा वाजेना. खोटं कशाला बोलू, चार चिंचोके गुपचूप टाकावेत असं माझ्या मनात आलं होतं. पण तिथं हात धजला नाही. नाकाची लबाडी मोठ्याईशी होती, चिंचोक्याची थेट देवाशी झाली असती. समाप्तीच्या आदल्या दिवशी दुपारी मालूकाकू अनारसे तळायला मदत म्हणून आल्या. अधिकात जावयाला अनारसे द्यायचे, आमच्याकडे जावई अजून यायचा होता, तरी मोठ्याईनं तुमसरला पाठवायला म्हणून अनारसे घातले होते. तळता तळता मालूकाकू सहज म्हणाल्या, "तुमची बेबी काहून आमच्या झाडाले नाक लावून फिरून राहिली वं? काई औषध सांगतलं का डॉक्टरनं?"

मोठ्याईनं झारा कढईवर आडवा ठेवला आणि उठली. मी कोठीत होते. ती दारात आली तेव्हा माझ्या एका हातात कुंचला होता आणि दुसऱ्या हातात देठासकट चोरलेली मोगऱ्याची फांदी. लपवायला काही उरलंच नव्हतं. पलीकडे ठण् ठण् चालू होतं आणि मला माझंच काळीज ठोकल्यासारखं वाटत होतं. ती पुढे आली. आधी तिनं छत्रीच्या कापडाकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या सुकलेल्या देठांच्या ढिगाकडे, मग चित्राकडे. मी वाट पाहत होते, की आता फाडेल, निदान ओरडेल तरी. मीच रडत रडत सगळं सांगून टाकलं, की मला तुमसरला नाही जायचं, मला नागपूरला जायचं आहे, ही फुलं मी उष्टी केली, मुद्दाम केली. तिनं ऐकून घेतलं. मग चित्रावर बोट न टेकवता फक्त जवळ नेलं आणि विचारलं, "मधात रिकामं काहून?"

मी म्हटलं, तिथं कमळ पाहिजे होतं.

तिनं मला बाहेर काढलं, कोठीला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. चित्र आत, रंग आत, सरांचं पुस्तकही आत. संध्याकाळी ती बाबांना कमळवाल्या शेतकऱ्याकडे काहीतरी निरोप पाठवायला सांगत होती, एवढं मी ओसरीवरून ऐकलं. मला वाटलं, लवकर आण म्हणून सांगत असेल. मी त्या दिवशी जेवले नाही, आणि या वेळी उरलेलं चोरूनही खाल्लं नाही.

समाप्तीला सगळी गल्ली लोटली. देवघरात जागा पुरेना, बायका ओसरीपर्यंत बसल्या. समया लावल्या, भटजी आले, अनारशांचा तुपकट वास घरभर. कमी पडलेला आकडा मोठ्याईनं पहाटेपासून तुळशीच्या पानांवर भरून काढला होता, डबा आता गच्च होता. उरलं एकच फूल. शेतकरी दादा केळीच्या पानात गुंडाळलेलं कमळ घेऊन आले आणि बाबांनी ते मोठ्याईच्या हातात दिलं. पान उलगडलं. गुलाबी, अर्धं उमललेलं, पाकळ्यांवर अजून तलावाचं पाणी. भटजींनी मंत्र सुरू केला, म्हणाले, हं, वाहा.

मोठ्याईनं कमळ दोन्ही हातांनी उचललं. देवाकडे नेता नेता हात थांबले. मग तिनं ते आपल्या तोंडाशी आणलं, डोळे मिटले आणि नाक पाकळ्यांत पार आतपर्यंत घालून वास घेतला. भरभरून घेतला. मोठेबाबा गेल्यापासून तिनं फूल केसात माळलं नव्हतं, आणि त्याच्या आधीही, रोज टोपलीभर फुलं हाताळून, एकाचाही वास घेतला नसेल. भटजींचा मंत्र मध्येच अडकला. मालूकाकूंनी तोंडावर पदर धरला. बाबा चष्मा वर करून नुसते बघत होते.

मोठ्याईनं डोळे उघडले. "आता हे देवाच्या कामाचं नाई राहिलं," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, म्हणजे आमच्या घरात नेहमी बोलतात तशीच. भटजी चाचरत म्हणाले, बाई, एक कमी पडतं, लाखोली पुरी होत नाही. ती म्हणाली, "राहू द्या एक कमी. त्याले सांगतो मी." मग माझ्याकडे वळली, कमरेची किल्ली काढली आणि कमळाबरोबर माझ्या हातात ठेवली. "जाय. दुपारपावतो मिटन ते."

ते घेताना माझ्या लक्षात आलं. कमळाला खाली हातभर लांब देठ होता, हिरवा, ओला, कुठंही मुडपलेला नाही. देवाला वाहायच्या फुलाला आमच्या घरात कधी देठ ठेवला नव्हता. संध्याकाळचा निरोप कशाचा होता ते मला तेव्हा कळलं, आणि मी सगळ्यांसमोर भोकाड पसरून रडले.

मोठ्याईनं त्यावर दटावलं, की रडत बसली तर फूल सुकेल. मी कोठीकडे पळाले. मागे आरती सुरू झाली. दारातून वळून पाहिलं तर ती तबक ओवाळत होती, तोंड नेहमीसारखं कडक, आणि नाकाच्या शेंड्याला कमळाचा पिवळा पराग लागलेला. गल्लीतल्या सगळ्या बायकांना तो दिसत होता. कोणीही तिला पुसायला सांगितलं नाही.